आधी थोरलीचं बोट

त्या घरात कुठलीही नवी गोष्ट आली की ती आधी थोरलीच्या हाताखालून जायची. नवा साबण असो, तोंडाला लावायची क्रीम असो, दाराची नवी कडी असो. इतकंच काय, गिऱ्हाईक नवीन असलं तरी थोरली जिन्याच्या तोंडाशी उभी राहून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि मगच वर सोडायची. क्रीम लावून थोरलीचा चेहरा सुजला तर डबी थेट कचऱ्यात जायची. नाही सुजला तर बाकीच्या तिघी हक्कानं तीत बोटं बुडवायच्या. एकदा तिचा गाल आठवडाभर टोमॅटोसारखा लाल होता. त्या आठवड्यात तिनं आरशावर टॉवेल टाकला आणि सगळ्यांना सांगितलं, "बघा, तुमचे गाल वाचले."

घर म्हणजे कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानावरचा मजला. एक लांबट बोळ, चार खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. दुकानातली वाफ जिन्यानं वर यायची, त्यामुळे चौघींच्या अंगाला कायम साबणाचा वास असायचा. चौघीही धंदा करायच्या. थोरलीनं पंचेचाळिशी कधीच ओलांडली होती. तिच्याकडे आता जुनी माणसं तेवढी यायची आणि त्यातली निम्मी तर बायकोची गाऱ्हाणी सांगून, चहा पिऊन निघून जायची. एक होती मास्तरीण. तिनं आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, पण नाकावर चष्मा आणि जिभेवर सल्ला कायम तयार. दुसरी शिलाई, ती आधी कपड्यांच्या कारखान्यात होती आणि अजूनही घरातल्या प्रत्येकीची उसवलेली शिवण तिच्याच मांडीवर येऊन पडायची. तिसरी टकळी. पंचविशीची. तीन नोकऱ्यांमध्ये राब राब राबून वैतागलेली, एक दिवस स्वतःच्या पायांनी जिना चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "मी खूप बोलते, चालेल का?" थोरली म्हणाली, "चालेल, पण गिऱ्हाईक बहिरं शोधावं लागेल." त्या दिवसापासून थोरलीचा तिच्यावर जीव जडला. पोटच्या पोरीवर जडावा तसा. हे ती कधी बोलली नाही. पण चहातली साय कुणाच्या कपात जाते ते बाकीच्या दोघींना दिसतच होतं.

आता कानाची गोष्ट. त्या गल्लीत प्रत्येक घराची एक खूण असायची. या घराची खूण म्हणजे डाव्या कानाच्या वरच्या बाजूला एक बारीक स्टीलची कडी. रस्त्यात कुणी दारुडा हात धरू लागला आणि दुसऱ्या बाईला ती कडी दिसली, तर तिनं हातातलं काम, प्रसंगी हातातलं गिऱ्हाईकसुद्धा, सोडून धावून जायचं. हा नियम होता आणि तो कुणी मोडला नव्हता. नवी बाई महिनाभर टिकली की तिचा कान टोचायचा. टोचायची अर्थात थोरली. घाबरलेली बाई खुर्चीत बसवायची, बर्फ लावायचा आणि मग थोरली ती सुई आधी स्वतःच्या अनामिकेच्या टोकात खुपसायची. रक्ताचा थेंब आला की बोट नाचवत म्हणायची, "बघ! काही दुखत नाही." तो थेंब कडेच्या फडक्याला पुसायचा आणि तीच सुई तिच्या कानात. तिघींचेही कान असेच टोचले गेले होते. टकळीचा सगळ्यात शेवटी, गेल्या हिवाळ्यात. ती खुर्चीत बसून इतकी ओरडली होती की खालचा इस्त्रीवाला जिना चढून वर आला होता.

लोकांना वाटतं, या बायका कशालाच घाबरत नसतील. लोकांचं काय, लोकांना काहीही वाटतं. अनोळखी माणसाबरोबर दार लावून घेणारी बाई सुई पाहून पलंगाखाली शिरू शकते.

त्या दुपारी दवाखान्यातली सिस्टर आली तेव्हा चौघी नुकत्याच न्हाऊन बोळात केस वाळवत बसल्या होत्या. सिस्टर वर्षानुवर्षं कंडोमचे खोके घेऊन यायची. बोलायला फटकळ, पण चहाला नाही म्हणायची नाही. आज तिच्या हातात खोका नव्हता.

"आज लशींचं बोलायला आलेय," ती म्हणाली. "सगळ्यात आधी कावीळ. बी नावाची."

"डोळे पिवळे होतात ती," मास्तरणीनं लगेच सांगून टाकलं.

"होतात किंवा होतही नाहीत. तीच तर लबाडी आहे. ही कावीळ वर्षानुवर्षं अंगात मुकाट बसून राहते आणि आतून लिव्हर पोखरते. रक्तातून लागते, संबंधातून लागते. म्हणजे तुमच्या कामात धोका जास्त. पण तिच्यावर पक्की लस आहे. आज एक डोस, महिन्याभरानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मध्येच सोडलात तर काम अर्धवट." मग तिनं बाकीच्या सांगितल्या. ए नावाच्या काविळीची वेगळी लस, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची, ती जितकी लवकर घ्याल तितकी कामाची, म्हणून टकळीनं तर घ्यायलाच हवी. दर वर्षी फ्लूची. धनुर्वाताची राहिली असेल तर तीही.

"म्हणजे आमची चाळणीच करणार म्हणा की," शिलाई म्हणाली.

"चाळणी नको असेल तर सुईला घाबरू नका. आणि आधी रक्त तपासायचं. कावीळ आधीच अंगात असेल तर तिच्या लशीचा उपयोग नाही, मग वेगळे उपाय करायचे."

टकळीनं केसांतून कंगवा काढला. "लस घेईन एक वेळ, पण रक्त नाही देणार. बसस्टँडवर शिबिर लागतं, तिथं नुसतं टोचतात, रक्तबिक्त मागत नाहीत. मी तिथं जाईन."

"का गं?" शिलाईनं विचारलं.

"उगाच नको ते कळायचं. नाही माहीत तोवर बरं असतं."

सिस्टर काही बोलणार इतक्यात मास्तरणीनं चष्मा वर सरकवला आणि घरातला जुना निकाल दिला. "आधी थोरली जाऊ दे. तिला काही नाही झालं तर मग आपण."

थोरली गेली. तिला त्यात विशेष काहीच वाटलं नाही. आयुष्यभर हेच तर करत आली होती.

दवाखान्यात रक्त दिलं आणि काही दिवसांनी निकालासाठी पुन्हा गेली. सिस्टरनं तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे थोरलीनं ओळखलं. नाही तर ही बाई भर रस्त्यात मोठ्यानं कंडोमचं बोलणारी.

"ती कावीळ तुमच्या अंगात आहे," सिस्टर म्हणाली. "नवी नाही. बरीच जुनी दिसतेय."

"पण मला तर काहीच होत नाही."

"म्हणून तर तपासायचं असतं. घाबरू नका. लिव्हर सध्या ठीक आहे. डॉक्टर बघतील, दर सहा महिन्यांनी तपासायचं, लागल्या तर गोळ्या सुरू करतील. दारू बंद. माणसं यात म्हातारी होतात, पण लक्ष ठेवावं लागतं. आणि आज तुम्हाला ए काविळीची लस देते. लिव्हरमध्ये एक पाहुणा येऊन बसलाय, दुसरा कशाला?"

थोरली हसली, सवयीनं. सिस्टर पुढं सांगत होती. एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कपानं लागत नाही, मिठी मारल्यानं लागत नाही. "रक्तानं लागते. वस्तरा, नेलकटर, दात घासायचा ब्रश, सुई, असलं काही घरात एकमेकींचं वापरत असाल तर..."

सुई या शब्दानंतर थोरलीला काहीही ऐकू आलं नाही. ती स्वतःच्या अनामिकेकडे बघत बसली. टोकाला बारीक बारीक खुणा होत्या, पोरींना धीर देताना पडलेल्या म्हणून तिनं त्या मिरवल्या होत्या. बोट नाचवणारी, थेंब पुसणारी, तीच सुई पोरीच्या कानात घालणारी थोरली तिला समोर लख्ख दिसली. टकळी ओरडली होती आणि आपण हसलो होतो.

"कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा," सिस्टर शेवटी म्हणाली. "माझ्याकडून या खोलीबाहेर अक्षर जाणार नाही. पण त्या बायकांचं रक्त तपासायला हवं, एवढं बघा."

दंडावर कापूस चिकटवून थोरली घरी आली. तिघी वाटच बघत होत्या.

"घेतलीस?"

"घेतली," थोरली म्हणाली. ते खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

पुढचे काही दिवस तिनं मूळ गोष्ट तेवढी पोटात ठेवली आणि बाकी सगळं बोलत राहिली. न्हाणीघरातला सगळ्यांचा वस्तरा तिनं गुपचूप फेकून दिला आणि प्रत्येकीला नवा आणून दिला. नेलकटरचंही तसंच केलं. सिस्टरनं सांगूनही स्वतःचा कप वेगळा ठेवला. टकळी केस विंचरायला मागं येऊन बसली की ती काहीतरी निमित्त काढून उठायची. टकळीचं तोंड पडायचं. थोरलीला ते दिसत होतं आणि आतून तुटत होतं, पण उठल्याशिवाय तिला राहवत नव्हतं.

मनात एक हिशेब सारखा चालू असायचा. गप्प बसले तर काय बिघडेल? मास्तरीण आणि शिलाई दवाखान्यात जातील, रक्त देतील. एखादीच्या रक्तात काही निघालं तरी कुठून आलं हे कुणाला कधी कळणार नाही. धंदाच असा आहे की बोट दाखवायला जागा भरपूर. आणि सांगितलं तर? या घराशिवाय आपल्याला घर नाही. आपण इथल्या थोरल्या आहोत ते एवढ्याचसाठी की आपला हात ज्याला लागला ते सुरक्षित, असं या पोरी धरून चालतात. तो हातच गेला तर उरतं काय? जिन्यात बसून जुन्या माणसांना चहा पाजणारी एक म्हातारी. असा विचार करता करता ती पुन्हा टकळीपाशी यायची. ती तर रक्तच देणार नाही म्हणते. शिबिरात जाईल, दंड टोचून घेईल आणि आपल्याला आता काही होत नाही म्हणून निवांत राहील. आत काविळीनं घर केलं असेल तर ती लस नुसतं पाणी.

सांगायला हवं, हे तिला कळत होतं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. ते उद्या काही येईना.

शेवटी गोष्ट टकळीनंच पुढ्यात आणून ठेवली. शिबिराच्या आदल्या दुपारी स्वयंपाकघरात चौघी बसल्या असताना ती एक छोटी पत्र्याची डबी घेऊन आली. आत सुई, फडकं आणि एक नवी कोरी कडी.

"थोरले, माझा उजवा कान टोच."

"कशाला?"

"उद्या दंडात सुई घ्यायचीय ना. आज सराव होईल. तुझ्या हातची सुई घेतली की मला धीर येतो." ती खुर्ची ओढून बसलीसुद्धा. केस बाजूला केले, सुई थोरलीपुढं धरली आणि तिची नक्कल करत म्हणाली, "हं, आधी तुझं बोट! बघ, काही दुखत नाही!"

शिलाई आणि मास्तरीण हसल्या. थोरलीनं टकळीच्या हातावर असा काही फटका मारला की सुई उडून ओट्याखाली गेली.

टकळी हात चोळत बघत राहिली. "काय झालं तुला? आठवडा झाला, तू मला जवळ येऊ देत नाहीस. मी काय केलंय?"

"तू नाही गं. मी केलंय," थोरली म्हणाली आणि मग सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, ओट्याला पाठ लावून. कावीळ, जुनी, किती जुनी ते माहीत नाही. कापूस कसला होता तेही सांगितलं. आणि मग बोट वर धरलं, पण नाचवलं नाही. "याचं रक्त सुईला लागलं. तीच सुई तुमच्या कानात गेली. मी तुम्हाला धीर देत होते. मला काही माहीत नव्हतं, पण म्हणून काय झालं? हात माझाच होता."

खाली इस्त्रीची वाफ फुसकन सुटली. मास्तरणीनं आपली खुर्ची जराशी मागं घेतली. जराशीच, पण फरशीवर तिचा आवाज झाला आणि तो सगळ्यांनी ऐकला. शिलाई हातातल्या परकराची शिवण नखानं उसवत बसली. टकळीनं कानाला हात लावला. कडी चाचपली, ती हळूहळू फिरवून काढली आणि टेबलावर ठेवली. मग एक शब्दही न बोलता आपल्या खोलीत गेली. टकळी बोलली नाही असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

थोरलीनं ती कडी उचलून मुठीत धरली. आपण रडलो तर या पोरींना आपलीच समजूत काढावी लागेल, असं वाटून ती रडली नाही. पाण्याचा ग्लास घेतला, पाणी प्यायली, ग्लास धुतला. मग बोळातली स्वतःची बॅग काढून पलंगावर ठेवली. त्यात काय भरावं ते सुचेना, म्हणून तशीच उघडी ठेवून बसली.

सकाळी टकळी तिच्या दारात उभी होती. पायात चपला, डोळे सुजलेले.

"ही बॅग कशाला काढलीस?"

"अशीच."

"आत ठेव. चल."

"शिबिरात?"

"दवाखान्यात. रक्त द्यायला. तू माझ्या शेजारी बसायचं." मागं शिलाई उभी होती आणि तिच्याही मागं, घरात काहीच घडलं नसल्यासारखा चेहरा करून, मास्तरीण पर्समध्ये चष्मा शोधत होती. तो तिच्या नाकावरच होता.

दवाखान्यात बाकावर चौघी एका रांगेत बसल्या. थोरलीनं सिस्टरला सुईची गोष्टही सांगून टाकली आणि तिघींचं रक्त घेऊन झालं. झटपट निकालाची पट्टी होती, थोडा वेळ थांबा म्हणाले. मास्तरणीचं रक्त आणखी तपासायला ठेवलं आणि काही दिवसांनी कळलं की तिला ही कावीळ कधीतरी होऊन आपोआप बरी झाली होती. कुठून लागली, कधी लागली, कुणीच सांगू शकलं नाही. "माझं शरीर मुळातच शिस्तीचं," एवढंच ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिची खुर्ची पुन्हा जागेवर आली. शिलाईचं रक्त स्वच्छ निघालं. त्या सकाळी टकळीचा निकाल तेवढा उरला होता. थोरलीची नजर त्या आतल्या दारावरून हलत नव्हती. देवाकडे काही मागायची तिला सवय नव्हती. ती फक्त म्हणत होती, हिला नको, हिला नको.

"एक विचारू?" टकळी म्हणाली. आदल्या दुपारपासून ती आता कुठं नीट बोलत होती.

"विचार."

"बोटात सुई खुपसायचीस तेव्हा दुखायचं का?"

थोरलीनं अनामिका चोळली. "दुखायचं. दर वेळी. तुझ्या वेळी तर रात्रभर ठणकलं."

"मग खोटं का बोललीस?"

"तू घाबरू नयेस म्हणून."

"तरी मी घाबरलेच ना," टकळी म्हणाली. "आणि वर वाटलं, हिला दुखत नाही, मलाच दुखतंय, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे."

पोरींना धीर द्यायच्या नादात आपण त्यांना एकटं पाडत होतो, हे तिला कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

दार उघडलं. सिस्टरचा चेहरा नेहमीसारखाच दगडी होता. "टकळीबाई, आत या. काही नाही, स्वच्छ आहे. लस घ्या आणि पुन्हा असला कानटोचीचा कारखाना काढलात तर मीच सगळ्यांचे कान पिळेन."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. मग मात्र तिला रडू आवरेना आणि तिनं ते आवरलंही नाही. टकळीनं तिला हाताला धरून आत ओढलं, खुर्चीत बसली आणि बाही वर केली. सिस्टरनं नवं पाकीट फाडलं, नवी सुई काढली, दंडावर ओला कापूस फिरवला. टकळीचं अंग ताठ झालं. तिनं सिस्टरकडे बघितलंच नाही. ती थोरलीकडे बघत होती.

"थोरले, दुखेल?"

"दुखेल," थोरली म्हणाली. "थोडं. मी आहे इथं."

टकळीनं मान हलवली. तिनं थोरलीची अनामिका मुठीत घट्ट धरली आणि दंड पुढं केला.